स्वाहिली, योरुबा, झुलू आणि संगणक: आफ्रिकी भाषांतील प्रोग्रामिंगचा आढावा

इफ, एल्स, फॉर, व्हाइल, रिटर्न. जगभर वापरल्या जाणाऱ्या बहुतेक प्रोग्रामिंग भाषा अशा मूठभर इंग्रजी शब्दांवर उभ्या आहेत. गो या भाषेत असे राखीव शब्द, म्हणजे कीवर्ड, २५ आहेत. सी भाषेच्या १९८९च्या प्रमाणित रूपात ते ३२ होते, आजच्या पायथनमध्ये ३५ आहेत. शब्द इतके थोडे असतील तर ते योरुबात, स्वाहिलीत किंवा अम्हारिकमध्ये का असू नयेत, हा प्रश्न आफ्रिकेतल्या काही तरुण प्रोग्रामरांनी गेल्या काही वर्षांत थेट चालणारा कोड लिहून विचारला. त्यावरचा आक्षेपही याच आकड्यांतून निघतो: इतके थोडे शब्द पाठ करायला असा कितीसा वेळ लागतो?

या दोन प्रश्नांच्या मधली जागा मोठी आहे. शाळेतले माध्यम, बांटू भाषांचे व्याकरण, लिपी आणि स्वरचिन्हे, नोकरीचा बाजार, वसाहतीच्या इतिहासातून आलेला भाषेच्या मानाचा प्रश्न, हे सगळे चर्चेत एकमेकांत मिसळते आणि एका मुद्द्याला दुसऱ्याच मुद्द्याचे उत्तर दिले जाते. या आढाव्यात ते शक्य तितके सुटे करून पाहिले आहेत.

संगणकाच्या आधीचा वाद

१९६२ साली युगांडातल्या मकेरेरे इथे आफ्रिकी लेखकांची एक गाजलेली परिषद भरली. निमंत्रण इंग्रजीतून लिहिणाऱ्यांना होते. स्वाहिलीचे मोठे कवी शाबान रॉबर्ट किंवा योरुबातले कादंबरीकार डी. ओ. फागुन्वा त्या व्याख्येत बसतच नव्हते, याकडे केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो यांनी पुढे लक्ष वेधले. १९६३ मध्ये नायजेरियाचे समीक्षक ओबी वाली यांनी ‘ट्रान्झिशन’ मासिकात लिहिले, की युरोपीय भाषांतून आफ्रिकी साहित्य घडवू पाहणारे लेखक पुढे वाट नसलेल्या रस्त्यावर आहेत. नायजेरियाचे कादंबरीकार चिनुआ अचेबे यांना हे पटले नाही. इंग्रजी आता हाताशी आहे, तिला आपल्या अनुभवाचे वजन पेलायला लावू, अशी त्यांची भूमिका होती. न्गुगी मात्र केनियातल्या कामिटी तुरुंगात असताना गिकुयूत कादंबरी लिहू लागले. ती १९८० साली प्रसिद्ध झाली आणि १९८६ मध्ये ‘डिकॉलनायझिंग द माइंड’ या पुस्तकात त्यांनी आपली बाजू सविस्तर मांडली.

आज प्रोग्रामिंगबद्दल जे बोलले जाते त्याची दोन्ही टोके इथे तयार दिसतात. एका बाजूला अचेबे यांचा मार्ग: परकी भाषा आपली करून घ्या, काम पुढे न्या. दुसऱ्या बाजूला न्गुगी यांचा: ज्या भाषेत मूल घरी विचार करते तिच्यात ज्ञान आणा. एरिट्रियाच्या राजधानीत २००० साली तयार झालेल्या अस्मारा जाहीरनाम्याने दुसऱ्या मार्गाला विज्ञान-तंत्रज्ञानाशी उघडपणे जोडले. आफ्रिकेतल्या विज्ञान-तंत्रज्ञानाची प्रगती आफ्रिकी भाषांच्या वापरावर अवलंबून आहे, असे त्यात म्हटले होते.

या जाहीरनाम्याच्या तीस वर्षे आधी नायजेरियात एक प्रयोग झाला होता आणि भावनेपेक्षा त्याचे वजन जास्त आहे. इफे विद्यापीठातले शिक्षणतज्ज्ञ बाबाटुंडे फाफुन्वा यांनी १९७० पासून प्राथमिक शाळेच्या सहाही इयत्ता योरुबातून शिकवल्या. गणित आणि विज्ञानही योरुबातून, आणि इंग्रजी हा एक विषय म्हणून, खास शिक्षकांकडून. नेहमीच्या पद्धतीत तीन वर्षांनंतर इंग्रजी माध्यम सुरू होत असे. प्रयोगातली मुले नेहमीच्या पद्धतीतल्या मुलांच्या मागे पडली नाहीत, इंग्रजीतही नाहीत, आणि एकूण कामगिरीत ती पुढे राहिली. मातृभाषेतून संगणक शिकवावा असे म्हणणारे आजही या प्रयोगाचा दाखला देतात. तो प्रोग्रामिंगचा पुरावा ठरत नाही, हेही लक्षात ठेवावे लागते.

तंत्राच्या बाजूने अडथळा अगदी मुळाशी होता. १९६३ साली ठरलेल्या आस्की संकेतप्रणालीत इंग्रजीची अक्षरे होती, बाकी जगासाठी जागा नव्हती. इथिओपियाची गीझ लिपी युनिकोड या सगळ्या लिपींसाठीच्या संकेतप्रणालीत आली ती १९९९ साली. बर्बर भाषांची तिफिनाघ २००५ मध्ये, सोलोमाना कांते यांनी १९४९ साली मांडिंग भाषांसाठी घडवलेली न्को २००६ मध्ये, आणि फुलानी भाषेसाठी गिनीतल्या बॅरी बंधूंनी शाळकरी वयात रचलेली अदलम २०१६ मध्ये. अक्षरेच नव्हती तोवर कीवर्डचा विचार कोण करणार? दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सलेट डॉट ओआरजी डॉट झेडए या संस्थेने एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुक्त सॉफ्टवेअर देशाच्या अधिकृत भाषांत नेण्याचे काम हाती घेतले, तेव्हा मेनू आणि बटणांपासून सुरुवात करावी लागली.

आजवर काय उभे राहिले

सर्वांत जास्त बोलले गेले ते योरलँगबद्दल. नायजेरियाचे सॉफ्टवेअर अभियंते कारोन्वी अनुओलुवापो यांनी २०१९च्या सुमारास ही भाषा मुक्त स्रोत म्हणून खुली केली. ती जावास्क्रिप्टमध्ये लिहिली आहे आणि नोड जेएसवर चालते. तिच्यातले कीवर्ड योरुबातले आहेत: चल नेमताना ‘जेकी’, म्हणजे ‘असू दे’, आणि पडद्यावर छापताना ‘सॉपे’, म्हणजे ‘म्हण की’. कंस, अर्धविराम, समान चिन्ह ही सगळी मांडणी मात्र जावास्क्रिप्ट येणाऱ्याला लगेच ओळखू येईल अशी आहे.

स्वाहिलीतली नुरू त्यानंतरची. ती गो भाषेत लिहिली आहे. अट घालायला ‘कामा’, नाहीतरसाठी ‘सिव्यो’, जोवरसाठी ‘वाकाती’, छापायला ‘आन्दिका’, उत्तर परत द्यायला ‘रुदिशा’. स्वाहिलीत आज्ञार्थ म्हणजे क्रियापदाचे उघडे मूळ रूप, आणि लेखन साध्या रोमन अक्षरांत, वर-खाली कसलीही खूण नाही. कीवर्ड बदलण्याच्या पद्धतीला ही भाषा जितकी सोयीची पडते तितकी आफ्रिकेतली दुसरी मोठी भाषा क्वचितच पडेल.

या दोन्ही भाषा एकेका छोट्या गटाच्या जिद्दीवर उभ्या आहेत. याउलट मुलांसाठीच्या शिक्षणभाषांत मोठ्या संस्थांचे पाठबळ दिसते. एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये आणलेली स्क्रॅच आज झुलू, खोसा, सेत्स्वाना, सेपेदी, स्वाहिली आणि अम्हारिक या भाषांतही दिसते. नेदरलँड्समध्ये फेलियेन हर्मान्स यांनी २०२० मध्ये सुरू केलेल्या हेडी या पायरीपायरीने शिकवणाऱ्या भाषेत कीवर्ड विद्यार्थ्याच्या भाषेत लिहिता येतात. तिच्या यादीत अरबीबरोबर स्वाहिली आणि सेत्स्वानाही आहेत.

अरबी ही आफ्रिकेच्या उत्तरेतली मोठी भाषा असली तरी ‘देशी आफ्रिकी’ या शब्दांत तिला धरावे की नाही यावर मतभेद आहेत. तरीही रॅमझी नासर यांची ‘कल्ब’ ही २०१२-१३ मधली अरबी प्रोग्रामिंग भाषा या चर्चेतून वगळता येत नाही. नासर यांनी ती कलाकृती म्हणूनही पाहिली. अरबीतून कोड लिहायला बसले की बाकीचा सगळा सरंजाम, कोड लिहायच्या संपादकापासून (एडिटर) जाळ्यावरच्या व्यवहारापर्यंत, इंग्रजीच गृहीत धरतो हे दाखवणे हा तिचा हेतू होता. नव्या भाषेने उपयोगी पडावे की एखादी गोष्ट उघडी पाडावी, या दोन अपेक्षा तेव्हापासून या क्षेत्रात सोबत चालतात. टीकाकार बहुधा पहिल्या अपेक्षेने मोजतात. कर्त्यांपैकी काहींच्या मनात दुसरी असते.

शब्दांच्या पलीकडे व्याकरण

योरलँग आणि नुरू यांच्यावरचा सर्वांत विचारी आक्षेप आफ्रिकेच्या बाजूनेच येतो. कीवर्ड बदलले, पण वाक्याची चौकट इंग्रजीचीच राहिली, मग भाषा कोणाची, असे हा आक्षेप विचारतो. त्याचे वजन कळायला एक उदाहरण जवळून पाहायला हवे.

बांटू कुळातल्या झुलू भाषेत नामांचे पंधराच्या आसपास वर्ग आहेत आणि वाक्यातले बहुतेक शब्द नामाच्या वर्गाप्रमाणे रूप बदलतात. मराठीत ‘चांगला, चांगली, चांगले’ होते तसे, पण कितीतरी अधिक विस्ताराने. आता प्रोग्राममधले अगदी रोजचे काम घ्या: यादीतल्या प्रत्येक वस्तूसाठी काहीतरी करणे. इंग्रजी कीवर्ड एकच असतो, यादी कशाचीही असो. झुलूत ‘सगळी माणसे’ म्हणजे ‘बोंके अबांतु’, ‘सगळी नावे’ म्हणजे ‘ओंके अमागामा’, ‘सगळ्या नद्या’ म्हणजे ‘योंके इमिफुला’, आणि ‘सगळे प्राणी’ म्हणजे ‘झोंके इझिल्वाने’. ‘सगळे’ या एका अर्थाचे रूप पुढच्या नामावरून ठरते. कीवर्ड म्हणून यातला एकच निवडला तर बाकीच्या वेळी वाक्य चुकीचे वाटेल. सगळी रूपे चालवली तर भाषा वाचणाऱ्या प्रोग्रामला चलाच्या नावाचा वर्ग कळावा लागेल.

केप टाउन विद्यापीठातल्या मारिया कीट आणि भाषाशास्त्रज्ञ लांगा खुमालो यांना हाच प्रश्न वेगळ्या कामात भेटला. संगणकातली तर्कशास्त्रीय माहिती झुलू वाक्यांत आपोआप मांडायची होती. इंग्रजीसाठी चालणारे ‘गाळलेल्या जागा भरा’ प्रकारचे साचे झुलूला पुरेनात, कारण रिकामी जागा भरली की आजूबाजूचे शब्दही बदलावे लागत. साच्यांऐवजी त्यांना व्याकरणाचे नियम चालवणारी पद्धत रचावी लागली. प्रोग्रामिंग भाषा घडवणाऱ्यांसाठी हे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. अडचण नेमकी कुठे आहे ते त्यातून दिसते.

अम्हारिकची अडचण शब्दक्रमाची आहे. मराठीसारखेच तिथे क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. ‘जर’चे काम क्रियापदाला लागणारा ‘के’ हा उपसर्ग करतो: ‘होने’ म्हणजे ‘झाला’, ‘केहोने’ म्हणजे ‘असल्यास’. अम्हारिक बोलणारा आधी अट सांगेल, मग ‘असल्यास’ म्हणेल, मग कृती. ‘इफ’च्या जागी नुसता एक अम्हारिक शब्द ठेवला की वाक्य परक्याने बोलल्यासारखे होते. आज्ञार्थातही निवड करावी लागते, कारण पुरुषाला सांगताना ‘त्साफ’, स्त्रीला ‘त्साफी’, अनेकांना ‘त्साफू’. संगणकाला कोण समजायचे, हे कीवर्ड ठरवतानाच ठरवावे लागते.

यावर दोन भूमिका आहेत. पहिली म्हणते, की प्रोग्रामिंग भाषा ही बोलीभाषा नव्हे, संकेतांचा संच आहे. इंग्रजी भाषकालाही ‘फॉर’ हा शब्द सी भाषेत ज्या अर्थाने येतो तो नव्याने शिकावाच लागतो. तेव्हा झुलूतही एकच रूप राखीव ठेवावे आणि पुढे जावे. दुसरी भूमिका याला गमावलेली संधी मानते. नामवर्ग आणि त्यांची जुळणी हे प्रोग्रामिंगमधल्या प्रकार-तपासणीच्या जवळ जाते. संख्या आणि मजकूर यांची गल्लत झाली की कोड यंत्रासाठी भाषांतरित करणारा कंपायलर अडवतो, तसे चुकीची जुळणी झाली की झुलू ऐकणारा अडतो. व्याकरणाचे हे बळ भाषेच्या रचनेत उतरवता आले, तर ती इंग्रजीची नक्कल राहणार नाही. कल्पना म्हणून ही आकर्षक आहे. नामवर्ग मात्र बऱ्याच अंशी परंपरेने ठरलेले असतात आणि प्रकार तर्काने आखलेले, म्हणून सांधा सहज बसणारा नाही.

याच दिशेने, पण भाषेऐवजी संस्कृतीतून जाणारा एक प्रवाह आहे. रॉन एग्लॅश यांनी ‘आफ्रिकन फ्रॅक्टल्स’ या १९९९च्या पुस्तकात वस्त्यांच्या रचना, केशरचना आणि विणकाम यांतली स्वतःतच पुन्हा पुन्हा येणारी रूपे दाखवली आणि पुढे त्यांवर आधारित शिक्षणसाधने बनवली. योरुबांच्या इफा परंपरेतले २५६ ओदू, म्हणजे दोनाचा आठवा घात, हेही उदाहरण पुष्कळदा दिले जाते. पारंपरिक ज्ञानात गणिती रचना आहे हे यातून नीट कळते. त्यातून प्रोग्रामिंग भाषेचा आराखडा कसा निघावा, हे अजून कोणी पटेल असे दाखवलेले नाही.

चिन्हे, लिपी आणि एक आपलाही प्रश्न

योरुबात स्वराची उंची अर्थ बदलते. नवरा, कुदळ, वाहन आणि भाला या चारही अर्थांचे शब्द अक्षरांनी सारखे, फक्त वरच्या स्वरखुणांनी वेगळे. देवनागरीत लिहिले तर चारही ‘ऑकॉ’च होतील. रोजच्या टायपिंगमध्ये लोक खुणा गाळतात आणि संदर्भाने समजून घेतात. कंपायलर संदर्भ समजून घेत नाही. खुणा सक्तीच्या केल्या तर टंकणे अवघड, सोडल्या तर चार चले एक होतात.

त्याखाली आणखी एक थर आहे. खाली ठिपका आणि वर स्वरचिन्ह असलेल्या ‘ऑ’साठी युनिकोडमध्ये एकसंध अक्षर नाही. ते जोडून लिहावे लागते आणि जोडण्याचा क्रम एकाहून जास्त प्रकारे होऊ शकतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पायथन ३ अशा नावांना एका रूपात आणून मग ताडतो. जावास्क्रिप्ट तसे करत नाही, त्यामुळे डोळ्यांना एक दिसणारी दोन चले तिथे निघू शकतात. शिवाय नायजेरियात ठिपक्याने लिहिला जाणारा स्वर बेनिनमधले योरुबा लेखन वेगळ्याच अक्षराने दाखवते. सीमा ओलांडली की कीवर्डचे स्पेलिंग बदलते.

गो भाषेचा नियम मराठी वाचकालाही थेट लागतो. नावात फक्त युनिकोडच्या व्याख्येतली ‘अक्षरे’, अंक आणि अधोरेखा चालते, जोडचिन्हे चालत नाहीत. त्यामुळे पूर्ण चिन्हांकित योरुबा शब्द अडतो, आणि ‘किंमत’ हे साधे मराठी नावही वेलांटीपाशी अडते. गीझ लिपीत मात्र स्वरासह प्रत्येक रूप एक स्वतंत्र अक्षर असते. अम्हारिकसाठीच्या पारंपरिक तक्त्यात ३३ मूळ अक्षरांची प्रत्येकी सात रूपे, म्हणजे २३१. त्यामुळे अम्हारिक नाव गोमध्ये विनातक्रार चालते. पायथनला ‘किंमत’ही चालते. नियम लिहिणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते, पण कोणती भाषा नजरेसमोर होती हे नियमातून कळते.

न्को आणि अदलम उजवीकडून डावीकडे लिहितात, आणि अरबीहून वेगळे म्हणजे त्यांचे अंकही उजवीकडून वाचायचे. तयार कोडच्या इंग्रजी ग्रंथालयांची (लायब्ररी) नावे मध्येच आली की ओळ पडद्यावर दोन दिशांना धावू लागते. कीवर्ड बदलून हे सुटत नाही, त्यासाठी संपादक नव्याने लिहावे लागतात.

शिकणाऱ्यांबद्दल काय कळले आहे

या बाबतीत मते भरपूर, मोजमाप थोडे. सायमिंदू दासगुप्ता आणि बेंजामिन मॅको हिल यांनी २०१७ मध्ये स्क्रॅच वापरणाऱ्या पाच देशांतल्या नवशिक्यांची माहिती तपासली. एकाच देशातली जी मुले आपल्या भाषेतले स्क्रॅच वापरत होती ती इंग्रजीतले वापरणाऱ्यांपेक्षा नव्या संकल्पना लवकर वापरू लागली. मातृभाषेच्या बाजूचा हा सर्वांत थेट पुरावा आहे. पण अभ्यास देशाच्या मुख्य भाषेवर बेतलेला होता. नायजेरियात पाचशेहून अधिक भाषा आहेत. तिथल्या मुलाची घरची, बाजारातली आणि शाळेतली भाषा तीन असू शकतात.

अँड्रियास स्टेफिक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये वेगळाच खडा टाकला. त्यांनी नवशिक्यांना पर्ल आणि यदृच्छेने चिन्हे निवडून बनवलेली एक भाषा दिली. पर्ल वापरणाऱ्यांची अचूकता फारशी सरस निघाली नाही. विचारपूर्वक शब्द निवडलेल्या तिसऱ्या भाषेत मात्र फरक पडला. हा प्रयोग इंग्रजी शब्दांवरच होता, तरी ‘पंचवीस-तीस शब्द, त्यात काय’ या युक्तिवादाला तो थेट धक्का देतो. नवशिक्याला शब्दांनी फरक पडतो.

दुसऱ्या पारड्यात फिलिप गुओ यांचे २०१८चे सर्वेक्षण आहे. ८६ देशांतल्या, ७४ मातृभाषांच्या ८४० जणांनी इंग्रजी मातृभाषा नसताना प्रोग्रामिंग शिकण्याचा अनुभव सांगितला. अडचणी होत्या त्या शिकण्याचे साहित्य वाचणे, प्रश्न विचारणे, कोड वाचणे, आणि इंग्रजी व प्रोग्रामिंग एकाच वेळी शिकावे लागणे या. मागण्या होत्या सोप्या, बोलीतले वाक्प्रचार टाळणाऱ्या इंग्रजीच्या, अधिक चित्रांच्या, कोणत्याही संस्कृतीत कळतील अशा उदाहरणांच्या आणि जोडलेल्या शब्दकोशांच्या. प्रोग्रामिंगमुळे इंग्रजी सुधारायची ओढ लागली, असेही काहींनी सांगितले. अर्थात इंग्रजी सर्वेक्षण भरू शकणारेच यात आले. ज्यांना भाषेने दारातच थांबवले ते या ८४० जणांत नाहीत.

तिसरी वाट दक्षिण आफ्रिकेतल्या लेकेटी माकालेला यांच्यासारख्या भाषा-शिक्षणतज्ज्ञांच्या लिखाणातून सुचते. आफ्रिकेतला विद्यार्थी एका भाषेत राहतच नाही, तो एकाच वाक्यात दोन-तीन भाषा वापरतो आणि शिक्षकही तसेच शिकवतो. तेव्हा ‘इंग्रजी की झुलू’ ही निवडच कृत्रिम आहे. कीवर्ड इंग्रजी, चलांची नावे झुलू, समजावणे दोन्हींत, अशी वर्गातली सरमिसळ दोष न मानता साधन मानावी, असा या विचाराचा रोख आहे. हेडीमध्ये स्थानिक कीवर्डबरोबर इंग्रजी कीवर्डही चालतात, ते या विचाराशी जुळणारे आहे.

व्यवहाराचा आक्षेप आणि त्याची उलट उदाहरणे

लागोस, नैरोबी किंवा केप टाउनच्या कंपन्यांत काम मिळते ते इंग्रजी कीवर्डच्या भाषांत. ग्रंथालये, त्रुटींचे संदेश, मंचांवरची उत्तरे, सगळे इंग्रजीत. योरुबात शिकलेल्याला शेवटी पुन्हा शिकावे लागेल, आणि दोन हजारांच्या आसपास भाषांच्या खंडात प्रत्येकाने वेगळी प्रोग्रामिंग भाषा धरली तर एकाचा कोड दुसऱ्याला वाचता येणार नाही. बहुसंख्य व्यावसायिक प्रोग्रामर, आफ्रिकेतलेही, हेच म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे अनुभवाचे आहे.

पण इतिहास एकाच दिशेने बोलत नाही. १९५०च्या दशकात ग्रेस हॉपर यांनी फिलाडेल्फियात आपला कंपायलर इंग्रजीबरोबर फ्रेंच आणि जर्मन शब्दांनीही चालवून दाखवला. यंत्राला सगळे शब्द सारखेच, एवढेच त्यांना सिद्ध करायचे होते. अमेरिकेतल्या यंत्राला फ्रेंच-जर्मन कळते हे पाहून व्यवस्थापनच हबकले आणि मग इंग्रजीशिवाय दुसरे काही चालवणार नाही अशी खात्री द्यावी लागली, असे हॉपर पुढे सांगत. रशियात १सी या व्यवसाय-प्रणालीत रशियन कीवर्डनी लिहिलेला कोड आजही मोठ्या प्रमाणावर चालतो. तिथले हिशेबाचे नियम आणि कागदपत्रे रशियनमधली आहेत, आणि ते काम करणाऱ्याला पगार मिळतो. भाषा टिकायला बाजार लागतो हा आक्षेप यातून खरा ठरतो, पण असा बाजार इंग्रजीबाहेर उभा राहू शकतो हेही त्यातूनच दिसते.

कोड एकमेकांना वाचता न येण्यावर तांत्रिक तोडगा जुना आहे. जर्मन एक्सेलमध्ये लिहिलेले ‘सुमे’ फ्रेंच एक्सेलमध्ये उघडले की ‘सोम’ दिसते, कारण फाइलमध्ये शब्द साठवलेला नसतो, क्रियेची ओळख साठवलेली असते. स्क्रॅचही हेच करते. झुलूत जोडलेले ठोकळे स्वाहिली पडद्यावर स्वाहिलीत दिसतात. फक्त वापरणाऱ्याने दिलेली नावे आणि टिपा आहेत तशा राहतात, आणि मोठ्या प्रोग्राममध्ये अर्थ नेमका त्यांतच असतो.

अजून न सुटलेले

पहिला गुंता परिभाषेचा. टांझानियात १९६७ पासून स्वाहिलीची राष्ट्रीय परिषद आहे, तरी संगणकासाठी ‘ताराकिलिशी’ हा घडवलेला शब्द आणि ‘कोंप्युता’ हा उसना शब्द दोन्ही चालतात. ‘फंक्शन’, ‘क्लास’, ‘पॉइंटर’ यांसाठी शब्द ठरवायचे कोणी? भाषामंडळाने की ज्याने पहिला कंपायलर लिहिला त्याने? आजवर ते दुसऱ्याच्याच हाती राहिले आहे.

दुसरा, देखभालीचा. एका-दोघांनी फावल्या वेळात सांभाळलेली भाषा त्यांची नोकरी बदलली की थांबते. विद्यापीठ, शिक्षणमंडळ किंवा उद्योग पाठीशी नसेल तर शाळेने ती अभ्यासक्रमात कशी घ्यावी? सरकारी धोरणही स्थिर नाही. नायजेरियाने २०२२ मध्ये प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याचे धोरण मंजूर केले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ते मागे घेतले.

तिसरा गुंता कृत्रिम बुद्धिमत्तेने आणला. २०२१ मध्ये कोपायलट आणि २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यावर साध्या भाषेत सांगून कोड लिहून घेता येऊ लागला. मग देशी कीवर्डची गरज संपली, असे काही म्हणतात. पण ही मॉडेले ज्या मजकुरावर घडली त्यात आफ्रिकी भाषांचा वाटा फार थोडा आहे, आणि २०१९ पासून काम करणारा मासाखाने हा आफ्रिकी संशोधकांचा गट तीच उणीव भरायला झटतो आहे. शिवाय यंत्राने लिहिलेला कोड बरोबर आहे का, हे पाहायला कोड वाचता यावाच लागतो. तो कोणत्या भाषेत वाचायचा, हा प्रश्न तिथे पुन्हा उभा राहतो.

या सगळ्यांत लवकर उत्तर मिळू शकेल असा प्रश्न शाळेतला आहे, आणि त्यासाठी मला टांझानिया सर्वांत योग्य वाटतो. तिथे प्राथमिक शिक्षण स्वाहिलीतून होते आणि माध्यमिक इंग्रजीतून. स्वाहिली स्क्रॅच, हेडी आणि नुरू तयार आहेत. लेखनाला खुणांची अडचण नाही. फाफुन्वा यांनी इफेत केले तसे काही वर्गांना प्राथमिक शाळेत स्वाहिली कीवर्डनी आणि काहींना इंग्रजी कीवर्डनी शिकवले, आणि माध्यम बदलल्यावर दोन्ही गट पायथनकडे कसे वळतात ते दोन-तीन वर्षे पाहिले, तर पुन्हा शिकण्याचा भुर्दंड खरोखर किती पडतो हे मोजता येईल. त्यासाठी नवा कंपायलर लागणार नाही. लागतील ते दोन्ही भाषांत प्रोग्रामिंग शिकवू शकणारे शिक्षक, आणि ते घडवण्याचे काम अजून कोणत्याही गटाने मुख्य मानून हाती घेतलेले दिसत नाही.